चार्म ब्रेसलेटची लटकनं सारखी गळतात, काय करू?

नवशिकी:
बहिणीसाठी चार्म ब्रेसलेट करतेय. जुन्या कानातल्यातली चांदणी, पेटीची छोटी किल्ली, कोटाचं पितळी बटण असं बरंच काही जमवलंय. पण दिवसभर घालून पाहिलं की एखादं लटकन गायब! किल्ली तर सोफ्याच्या फटीत सापडली. जंप रिंगा (लटकन साखळीला जोडणाऱ्या तारेच्या छोट्या रिंगा) पकडीने घट्ट दाबल्या, तरी तेच. सुपरग्लूचा थेंब टाकू का? आणि मनगटाचं माप बरोबर घेऊनही आवळ का होतंय?

तारकाम:
गोंद अजिबात नको. हिसका बसला की सुटतो आणि पांढुरका डाग मागे ठेवतो.

रिंग उघडतेस कशी, ते आधी बघ. टोकं डावी-उजवीकडे फाकवलीस तर गोलाईच बिघडते, मग कितीही दाब, फट राहणारच. दोन पकडी लागतात, आतून गुळगुळीत असलेल्या. दातेरी पकड धातूवर ओरखडे काढते. फटीच्या दोन्ही बाजूंना धरून एक टोक स्वतःकडे आण, दुसरं पलीकडे ने. बंद करताना टोकं एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन परत आण. ती घासली की हाताला बारीक खरखर कळते. मग जोडावरून नख फिरव. अडकलं तर परत.

आणि तार कितीची आहे? ०.६ मिमीच्या रिंगा कानातल्यांना ठीक, पण हात दिवसभर कुठे ना कुठे अडकतो. ०.८ मिमी तार, आतला व्यास ४-५ मिमी, एवढं तरी घे. तार तीच ठेवून रिंग मोठी घेतलीस तर ती लवकर उघडते. लोक मोठी घेतात, कारण ओवायला सोपी जाते! किल्लीसारख्या जड वस्तूला दोन वेढ्यांची स्प्लिट रिंग लाव, प्रश्नच मिटला.

मापाचं म्हणशील तर लटकनं आतली जागा खातात. मनगटाच्या मापात २ ते २.५ सेंमी वाढव.

मणीवेडी:
तारकामशी सहमत. एक भर: लटकनं लावण्याआधी साखळी टेबलावर सरळ पसरून दोन्ही टोकं टेपने चिकटव आणि पीळ काढ. सगळी लटकनं कड्यांच्या एकाच अंगाला आली पाहिजेत, नाहीतर ब्रेसलेट हातात वळत राहतं. आधी मधलं लाव, मग दोन्हीकडे सरकत जा. हुकाजवळच्या एकदोन कड्या मोकळ्या सोड, नाहीतर एका हाताने हुक लावताना वैताग येतो.

नवशिकी:
अगं, मी फाकवतच होते! आज दोन पकडींनी करून पाहते. त्या पितळी बटणाने हात हिरवा होईल का?

तारकाम:
होऊ शकतो. पितळेत तांबं असतं, घामाने हिरवटपणा येतो. साबणाने धुतलं की जातो, काळजी नको. खाज सुटली किंवा पुरळ आलं तर मात्र ते बहुधा निकेलमुळे, आणि निकेल स्वस्त साखळ्या-हुकांत सर्रास असतं. बहिणीला नकली कानातली सोसत नसतील तर साखळी, हुक, रिंगा सगळं निकेल-फ्री बघून घे. नुसती लटकनं बदलून भागणार नाही. स्टेनलेस स्टीलच्या रिंगा घेतल्यास तर पकड जरा दणकट लागेल, त्या वळायला चिवट असतात.