शब्दचर्चा : पुठ्ठ्याचे थर की पदर? आणि एम्बॉसला काय म्हणायचं?

भाषांतरी: मोर्शी तालुक्यातल्या एका महिला बचत गटासाठी मिठाईचे डबे बनवण्याची पुस्तिका मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत 'एम्बॉस्ड थ्री-प्लाय बोर्ड' आहे, म्हणजे दाबून नक्षी वर उठवलेला, तीन थरांचा किंवा पदरांचा पुठ्ठा. मी 'उठावाचा तीनपदरी पुठ्ठा' लिहिलं. गटातल्या ताईंनी ते वाचून संत्र्याच्या पेटीचा, आत नाल्या असलेला पुठ्ठा आणून ठेवला. त्यावर ठसा दाबला की नाल्याच चेपतात. मग लिहू काय?

मुद्रक_अचलपूर: ताई, पेटीच्या तीन प्लायमध्ये वरखाली सपाट क्राफ्ट (जाड तपकिरी) कागद, मधे दातेरी तापल्या रुळांतून काढलेला लहरी कागद आणि जोडायला स्टार्चची खळ. तिन्ही कागद वेगवेगळे बनून आलेले, म्हणून पदर. मिठाईच्या डब्याचा ड्युप्लेक्स पुठ्ठा निराळा. त्यात लगद्याचे थर ओले असतानाच एकावर एक दाबतात, तंतू तंतूंत गुंततात, खळ लागत नाही. त्याला थर म्हणा. उठावाला हाच पुठ्ठा हवा.

बल्लारपूरचा: वडील कागद कारखान्यात होते, बांबूच्या लगद्याच्या वासातच वाढलो. ड्युप्लेक्स भिजवून कोपऱ्यावर नख लावा. वरचा पांढरा सुटून येतो, खाली रद्दीच्या लगद्याचा राखाडी. हा पापुद्रा आहे. थर धुळीचा बसतो.

शब्दशोध: थर-पदर नंतर पाहू. 'उठाव' मुळीच नको. उठाव 1857 चा. छापील पुस्तिकेत 'उत्थित' (वर उठलेला) लिहावं, शब्द नेमका आहे.

मुद्रक_अचलपूर: 'मालाला उठाव नाही' हे आम्ही रोज बोलतो आणि उठावाच्या लग्नपत्रिकाही रोज काढतो. गिऱ्हाईकाचा कधी गोंधळ झाला नाही. शाळेच्या पुस्तकात उठावशिल्प चालतं, मग पुठ्ठ्यावरच काय अडतं? 'उत्थित' वाचून बचत गटातल्या बाईनं करायचं काय?

शब्दशोध: शब्द वापरला की रुळतो. वापरायचाच नाही म्हटलं तर मराठीत इंग्रजीच उरेल.

भाषांतरी: 'ठशाचा पुठ्ठा' कसं वाटतं?

मुद्रक_अचलपूर: ठसा खोलगटही असतो, रबरी शिक्क्याचाही असतो. एम्बॉसला जोडी लागते. एका बाजूनं उंच नर, समोरून तेवढीच खोल मादी, मधे पुठ्ठा. पुस्तिकेत हे मात्र नक्की टाका: मे महिन्यात इकडे पुठ्ठा वाळून कडक होतो. मग गणपतीच्या सोंडेच्या वळणावर वरचा पांढरा थर तडकतो आणि आतला राखाडी डोकावतो. पुठ्ठ्यात 6 ते 8 टक्के ओल राहिली पाहिजे. आम्ही गठ्ठा कूलरच्या खोलीत ठेवतो, पण झोतासमोर नाही, कडा वाकतात. आणि डब्याची घडी तंतूंच्या दिशेनं घ्या, आडवी घेतली तर फुटते.

शब्दशोध: पुठ्ठा हा पृष्ठचाच अपभ्रंश, पुस्तकाची पाठ.

बल्लारपूरचा: पृष्ठची पाठ झाली ना? मग त्याचाच पुठ्ठा कसा? घोड्याचा पुठ्ठा असतो, त्याचं काय?

शब्दशोध: एका शब्दाची दोन रूपं होतात. घोड्याचा पुठ्ठाही मागचाच भाग आहे.

संत्राबाग_वरुड: मले एक सांगा जी, वर कोणी तरी 'पेटी' लिहिलं ते बरोबर हाय. पहिले आंबिया बहाराचा संत्र्याचा माल लाकडी पेटीत जाये, आता पुठ्ठ्याच्या पेटीत जाते. लाकूड गेलं, पेटी राहिली. पुण्याकडचे व्यापारी फोनवर 'खोके' म्हणते.

शब्दशोध: खोकाच म्हणा. पेटीला झाकण आणि बिजागरी हवी.

संत्राबाग_वरुड: हार्मोनियमची पेटी म्हणता ना? आंब्याची पेटी कोकणातले बी म्हणते, तिले कुठची बिजागरी?

बल्लारपूरचा: आणि आतल्या लहरी कागदाला? पन्हळी पत्रा म्हणतो, तसा पन्हळी कागद.

संत्राबाग_वरुड: पन्हळ इकडे कोणी म्हणत नाही. नालीदारच म्हणा.