मदत हवी आहे: सेनेबकाय खरंच वेगळ्या घराण्याचा?

मंडळी, इजिप्तच्या सेनेबकाय राजावर कुणी वाचलंय का? २०१४ साली इजिप्तमधल्याच अबायडोस या प्राचीन ठिकाणी त्याची कबर उघडली, तोवर हे नाव जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या रंगीत चौकटीत त्याचं नाव स्पष्ट आहे, हाडांवर अठरा जखमा, कवटीवर कुऱ्हाडीचे घाव. ममी करताना काढलेले अवयव ठेवायची देवदारी पेटी मात्र सोबेकहोतेप या आधीच्या राजाच्या कबरीतून उचललेली! (राजाचीही काय ही ओढगस्त.)

माझं अडलंय ते ट्युरिनच्या राजयादीपाशी (इजिप्तच्या राजांची पपायरसवर लिहिलेली प्राचीन यादी). तिथला पपायरस फाटलाय, सेनेबकायच्या राजनामाशी (उसेरिब्रे) जुळेल असं 'उसेर...रे' एवढंच उरलंय. याच्या जोरावर स्वतंत्र 'अबायडोस घराणं' मानायचं, की तो थीब्ज या शहरातून राज्य करणाऱ्या सोळाव्या घराण्यातलाच? दुसऱ्या बाजूचे मुद्दे कुणी सांगाल का?