नागपूरच्या उन्हाळ्यात इंग्लिश बुलडॉग पाळावा का? बीगल आणि कॉकर यांविषयीही मत हवे

मनीषनगरकर (प्रश्न)

नमस्कार. मनीषनगरात आमचे बैठे घर आहे. पुढे लहानसे अंगण आणि एक कडुनिंब आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहापर्यंत घरी फक्त माझी ७२ वर्षांची आई असते, आणि दुपारनंतर सहावीतली मुलगी. मुलीने इंग्लिश बुलडॉगचा हट्ट धरला आहे आणि तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर सध्या त्याच सुरकुतलेल्या तोंडाची चित्रे आहेत. मला स्वतःला बीगल किंवा कॉकर स्पॅनियल बरा वाटतो, पण दोघांपैकी एकही मी जवळून पाहिलेला नाही. लॅब्राडॉर हाही इंग्लिशच ना? घरात कुलर आहे, एसी मात्र एकाच खोलीत आहे. अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.

खसताटी

स्पष्ट सांगायला सांगितले आहे म्हणून लिहितो: बुलडॉग आणू नका.

हा कुत्रा मुळात बैलाशी झुंजवण्यासाठी तयार झाला. इंग्लंडमध्ये १८३५ साली कायद्याने त्या झुंजी बंद झाल्या आणि बुलडॉगचे कामच संपले. पुढे तो प्रदर्शनांसाठी पोसला गेला. तोंड अधिकाधिक आखूड, डोके मोठे आणि छाती रुंद अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली. त्याचा परिणाम असा की आज पुष्कळ बुलडॉग माद्यांची बाळंतपणे शस्त्रक्रियेने करावी लागतात. स्वभावाने तो अतिशय शांत व माणसाळलेला असतो आणि मुलांचा त्रास निमूट सोसतो, हे खरेच आहे. अडचण त्याच्या श्वासाची आहे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातला, नाकातला ओलावा उडून गेल्यामुळे त्याचे शरीर थंड होते. नाकच चेपलेले, टाळू लांब आणि श्वासनळी अरुंद असेल तर ही व्यवस्था तोकडी पडते. कुलरवर फार विसंबू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान काम करतो, पण खिडक्या बंद ठेवून चालवला तर खोलीत दमटपणा भरतो, आणि दमट हवेत धापा टाकूनही ओलावा उडत नाही. मृगाच्या आगेमागे आभाळ भरून येते पण पाऊस पडत नाही, ते दिवस म्हणूनच अधिक वाईट.

माझ्या धाकट्या भावाकडे बुलडॉग होता. विकणाऱ्याने ‘हा इथल्या हवेला सरावलेला आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या ऐन कडक उन्हाच्या दिवसांत, एका संध्याकाळी सात वाजता, ऊन पूर्ण उतरल्यावर, भावाने त्याला जेमतेम दहा मिनिटे फिरवले. परत आल्यावर तो न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पसरला; जीभ जांभळट पडली होती आणि घशातून करवत ओढल्यासारखा आवाज येत होता. नळाचे साधे पाणी अंगावर ओतत, पंखा लावून आम्ही त्याला आधी थंड केले आणि मग दवाखान्यात नेले, म्हणून तो वाचला. त्यानंतरचे प्रत्येक उन्हाळ्याचे तीन महिने तो एसीच्या खोलीतच राहिला. तुमच्याकडे ती एकच खोली आहे, आणि तिच्यात झोपणार कोण हे आईंना विचारून ठरवा!

साली_खाणाऱ्याचा_मालक

आमच्याकडे पाच वर्षांपासून बीगल आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे. आखूड केस, लांब नाक, साधारण दहा-अकरा किलो वजन. उन्हाळा तो बुलडॉगपेक्षा कितीतरी सहज काढतो. अर्थात आम्हीही मे महिन्यात त्याला पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर काढतो, तेही डांबरावर हाताचा पंजा टेकवून पाहिल्यावर.

इंग्लंडमध्ये बीगलच्या टोळ्या सशाच्या वासामागे धावत आणि शिकारी पायी त्यांच्या मागे जात. आजही नाकाने एकदा वास धरला की त्याला आपली हाक ऐकूच येत नाही. शेजारच्या घरी सावजी रस्सा उकळू लागला की आमचे महाराज कुंपणाशी मान वर करून हेल काढत बसतात. संत्र्याचे साल तो कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडून काढतो; डब्यावर वीट ठेवली, तर आता आधी वीट ढकलतो. तुमच्या फाटकाखाली वीतभर फट असेल तर ती बुजवल्याशिवाय पिल्लू आणू नका.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. टोळीत वाढलेली ही जात असल्यामुळे घरात कोणी नसले की बीगल रडतो, आणि ते रडणे चार घरे पलीकडे जाते. तुमच्याकडे आई असतात, हे चांगले आहे. मात्र त्याला साखळी लावून फिरवण्याचे काम त्यांच्यावर टाकू नका. वासामागे तो असा हिसका देतो की म्हातारे माणूस पडेल. आणि त्याला पोळीचे तुकडे देण्याची सवय तर मुळीच नको, कारण बीगल पाहता पाहता पिंपासारखा फुगतो.

सेमिनरी_हिल्सचा_फेरफटका

लॅब्राडॉरबद्दल: त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधून आले, परंतु आजची जात ब्रिटनमधील उमरावांनी घडवली आणि तिथल्या केनेल क्लबने तिला १९०३ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे तुमचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. फक्त तो तीस किलोंच्या घरात जातो, आणि आनंदाने अंगावर झेप घेतो.

आईंचा विचार केला तर मी कॉकरकडे झुकेन. वुडकॉक हा पक्षी झुडपांतून उठवण्याच्या कामावरून त्याचे नाव पडले. म्हणूनच तो माणसाच्या इशाऱ्यावर नजर ठेवून असतो आणि बीगलपेक्षा लवकर शिकतो. पण लांब कान हे कायमचे काम आहे. पावसाळ्यात ते आतून ओले राहून सडके वास येऊ लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास मोकळ्या प्लॉटांवरचे गवत वाळले की त्याची कुसळे कानांत व पंजांत शिरतात. आमच्या कॉकरच्या कानातून एकदा अखंड कुसळ काढावे लागले होते. तो दोन दिवस मान तिरकी करून चालत होता आणि आम्ही त्याला खोडकरपणा समजत होतो. उन्हाळ्यापूर्वी केस कापून घ्या, पण वस्तऱ्याने साफ भादरू नका, कातडी भाजते.

जॅक रसेल टेरियरही कोणी सुचवतील. डेव्हनमधल्या जॉन रसेल या पाद्र्याने कोल्ह्याला बिळातून हुसकण्यासाठी वाढवलेली ही जात आहे. तुमच्या अंगणात एक फूलझाड उरणार नाही. कोणतीही जात घ्या, गोचिडांचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर द्या, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी घेऊ नका. त्याआधी विकणे नियमात बसत नाही. शक्य असेल तर पिल्लाची आईही पाहा.

मनीषनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. खसताटी यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ‘जीभ जांभळट’ या शब्दांशी ती थांबली आणि नंतर बुलडॉगचे नाव निघाले नाही. आईने मात्र कानांतली कुसळे काढायला आपण बसू, असे जेवताना परस्पर जाहीर केले आहे, त्यामुळे कॉकरकडे कल दिसतो. फेरफटका यांना एकच विचारायचे होते: आठवड्यातून किती वेळा कान पुसावे लागतात, आणि कापसाने पुसावेत की मऊ कापडाने?