शब्दचर्चा: ‘ॲक्च्युएटर’ला मराठीत काय म्हणावं? ‘चालक’ चालेल का?

खडूफळा:
मी कोल्हापुरातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. आमच्या मुलांनी प्रदर्शनासाठी विमानाच्या पंखांचं मॉडेल केलंय. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एकेक फळी आहे, विमानात तिला एलेरॉन म्हणतात. डावीकडची फळी सायकलच्या ब्रेकवायरीने हलते. उजवीकडची हलते दोन सिरिंजांनी, मधे सलाइनची नळी आणि कुंकू कालवलेलं पाणी. लहान सिरिंज तीन सेंटिमीटर दाबली की मोठीचा दांडा जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो, पण रेटा जवळजवळ तिप्पट. मुलं अंगठा लावून लावून हे बघतात.

फळीसारखा भाग हलवणाऱ्या यंत्राला इंग्रजीत ॲक्च्युएटर म्हणतात. फलकावर मी त्यासाठी लिहिलं होतं ‘यांत्रिक चालक’ आणि ‘द्रवीय चालक’. तपासायला आलेल्या एका सरांनी ‘चालक’ खोडला. म्हणाले, चालक म्हणजे ड्रायव्हर, पंखाचा चालक म्हटल्यावर मुलं वैमानिक समजतील. त्यांचं म्हणणं मला पटलंही आणि अडकलेही. प्रदर्शन दहा दिवसांवर आहे. ॲक्च्युएटरला तुम्ही काय म्हणाल?

उद्यमनगरी:
मॅडम, वीस वर्षं हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतोय. आमच्याकडं त्याला एकच शब्द, जॅक. टिपरचा जॅक, जेसीबीच्या बूमचा जॅक, प्रेसचा जॅक. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘जॅक बसतोय, भार धरत नाही.’ आम्ही खोलतो, सील कापलेलं असतं, नाहीतर रॉडवर ओरखडा. ॲक्च्युएटर हा शब्द फक्त कॅटलॉगमध्ये. फलकावर जॅक लिहा, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कामगारांची पोरं वाचता वाचता समजतील.

शुद्धलेखणी:
एक इंग्रजी शब्द काढून दुसरा घालण्यात काय मिळवलं? ‘प्रवर्तक’ घ्या. प्रवृत्त करणारा, हालचालीला लावणारा. ‘द्रवचालित प्रवर्तक’. अर्थ चोख बसतो.

रंकाळाकाठ:
चोख बसत नाही. प्रवर्तक म्हटलं की चळवळीचा प्रवर्तक किंवा कंपनीचा प्रवर्तक आठवतो. चालकाची जी अडचण तीच याची, दोन्ही माणसं वाटतात. बाईंना यंत्र दाखवायचंय.

लॉकवायर:
मी मूळचा कोल्हापूरचा, आता मुंबईत विमानदेखभालीत आहे. शब्दाकडे येण्याआधी मॉडेलबद्दल एक सांगायला हवं, कारण शब्द त्यावर ठरेल.

ताई, तुमच्या उजव्या पंखातलं यंत्र खऱ्या अर्थाने विमानातलं ॲक्च्युएटर नाही. सिरिंज दाबताना काम कोण करतंय? मुलाचा अंगठा. रेटा तिप्पट झाला, पण सरकणं एक तृतीयांश झालं, म्हणजे कष्ट तेवढेच. मधे वायरीऐवजी पाणी आलं इतकंच. मोठ्या विमानात तसं नसतं. तिथे इंजिनावर पंप असतो, तो तेल सतत दाबाखाली ठेवतो. बहुतेक विमानांत हा दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), म्हणजे उद्यमनगरच्या वर्कशॉपांच्या भाषेत दोनशे दहा किलो, दर चौरस सेंटिमीटरला. एअरबसच्या ए-३८० विमानात ५०००, साडेतीनशे किलो. वैमानिक फक्त एक झडप किंचित सरकवतो. झडप उघडली की तेल दट्ट्याच्या एका बाजूला शिरतं, दुसऱ्या बाजूचं परत टाकीकडे जातं, आणि फळी हलते. फळी हवी तेवढी वळली की तिच्याच हालचालीने झडप पुन्हा मिटते. हाताने सांगायचं, तेलाने करायचं.

छोट्या विमानात उलटं. सेस्ना १७२ घ्या. वैमानिकाच्या हातापासून एलेरॉनपर्यंत पोलादी वायर, मधे कप्प्या आणि बेलक्रँक, म्हणजे ओढीची दिशा बदलणारे कोनी दांडे. ती वायर सात पेडांची, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, एकूण १३३. तपासताना आम्ही तिच्यावरून फडकं ओढत नेतो. एखादी तार तुटलेली असली तर फडकं तिथे अडकतं. बोट कधी फिरवायचं नाही, तार सुईसारखी घुसते.

आणि खास कोल्हापूरकरांसाठी: उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं एटीआर ७२ विमान बघता ना? त्याचे एलेरॉन, एलेव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची आडवी फळी), रडर (शेपटीची उभी फळी) तिन्ही हातापायाच्या जोरावर, वायर आणि दांड्यांतून हलतात. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचा जोर, लागतो तो चाकं, ब्रेक आणि पंखांवरच्या फ्लॅप, स्पॉइलर या फळ्यांना. सत्तर माणसांचं विमान, आणि वळवणारा जोर माणसाचा. एलेरॉनच्या मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी असते, ती वाऱ्याचाच जोर वापरून हाताचा भार कमी करते.

खडूफळा:
हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मॉडेलच्या दोन्ही बाजू एकच गोष्ट दाखवतायत! मुलांना उद्या सांगते. मग फलकावर फरक कुठल्या शब्दांत दाखवायचा?

रंकाळाकाठ:
लॉकवायर यांनी उत्तर देऊन टाकलंय, फक्त ते व्याकरणात आहे. नववीला प्रयोजक क्रियापद शिकवतातच. ‘मी पाणी भरतो’ आणि ‘मी गड्याकडून पाणी भरवतो’. वायरीच्या विमानात वैमानिक फळी हलवतो. तेलाच्या विमानात तो फळी हलवून घेतो. पहिल्यात वायर हे नुसतं करण, म्हणजे साधन, ‘विळ्याने’ कापतो त्यातल्या विळ्यासारखं. दुसऱ्यात तेल आणि दट्ट्या मिळून ‘गडी’ होतात. त्यांना स्वतःचं बळ आहे आणि ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापरतात. म्हणून मला वाटतं दोन्हींना एकच नाम देणं हीच मूळ चूक. वायरीला ‘ओढ’ म्हणा, दट्ट्याला वेगळं काही.

उद्यमनगरी:
अशा सांगितलं की करणाऱ्या यंत्राला सर्व्हो म्हणतात. सर्व्होचा अर्थच तो, सेवक. शब्द आपला संस्कृतच आहे, तिकडं जाऊन सर्व्हो झालाय.

रंकाळाकाठ:
नाही हो. तो लॅटिन ‘सर्वुस’, म्हणजे गुलाम. ‘सेव्’ धातूशी त्याचा संबंध नाही, उच्चार जवळ आला एवढंच. पण त्याचा जन्म तुम्हाला आवडेल. फार्को नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८७३ मध्ये ‘सर्व्हो-मोतर’ म्हणून जे यंत्र मांडलं, ते वाफेच्या जहाजाचं सुकाणू फिरवण्याचं होतं. माणसाने चाक थोडं फिरवायचं, वाफेने सुकाणू तेवढंच वळवायचं. विमानाच्या आधीपासून हीच गोष्ट.

शुद्धलेखणी:
सुकाणू! मग रडरला सुकाणू, एलेव्हेटरला उत्थापक. शब्द आहेत, आपण वापरत नाही. पोरांना पहिल्यापासून मराठी शब्द दिला तर तोच त्यांचा होतो. ‘विमान’, ‘वैमानिक’ रुळले ना?

रंकाळाकाठ:
सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आलंय. खलाशांनी आणलं, आपण ठेवून घेतलं.

शुद्धलेखणी:
ते शेकडो वर्षांत मुरलं. काल आलेल्या शब्दाला तोच न्याय कसा लावणार?

रंकाळाकाठ:
तोही एकदा काल आलेलाच होता. कवी माधव जूलियन याच गावात, राजाराम कॉलेजात शिकवायचे. फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला, सुरुवातीच्या कवितेत फार्शी शब्द भरभरून वापरले, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. हा वाद त्यांच्या एकट्याच्या मनात दोन्ही बाजूंनी झाला होता. मी त्यांच्या पहिल्या काळाच्या बाजूचा.

शुद्धलेखणी:
आणि मी दुसऱ्या. शब्द नसल्यावर घ्यावा, असताना घेऊ नये. एवढंच म्हणतोय.

मोटेवरचा:
कागल तालुक्यातनं लिहितोय. ह्या वायरी-कप्प्यांची गोष्ट वाचून राहवलं नाही. आमच्या मळ्यात माझ्या लहानपणी मोट होती, बैलांनी हिरीतनं पाणी ओढायची चामड्याची पिशवी. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, मोटेच्या तोंडाला, वरच्या चाकावरनं. बारीक तो सोंदूर, खालच्या चामड्याच्या सोंडेला, कण्यावरनं, म्हंजी काठावरच्या लाकडी रुळावरनं. बैलं धावेवरनं, म्हंजी हिरीपुढच्या उतारावरनं, खाली निघाली की दोन्ही दोर संगं ओढायचे. सोंड वर दुमडलेली, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाला आली की नाडा तिला आणखी वर नेतो, आणि सोंदूर कण्यावरनं सोंड पुढं खेचून थारोळ्यात, काठावरच्या कुंडात, सोडतो. मोट आपसूक रिकामी. कुणी हात लावायचा नाही. पण दोन्ही दोरांचं माप जमलं पाहिजे. सोंदूर ढिला राहिला तर अर्धं पाणी परत हिरीत. आमचा आजा रोज सकाळी सोंदराची गाठ हातानं चाचपायचा, पावसाळ्यात दोर आखडतो म्हणून.

लॉकवायर साहेब, विमानाची वायर ढिली होती काय?

लॉकवायर:
होते, आणि कारणही तुमच्या आजोबांच्या दोरासारखंच, हवामान. विमानाचं अंग ॲल्युमिनिअमचं, वायर पोलादाची. वर थंडीत ॲल्युमिनिअम जास्त आखडतं, पोलाद कमी. अंग लहान झालं, वायर तेवढी नाही, म्हणजे वायर ढिली. मोठ्या विमानात हा ताण आपोआप सांभाळणारं यंत्र बसवतात. छोट्यात आम्ही टर्नबकल, म्हणजे वायरीच्या मधली आट्यांची नळी, फिरवून ताण लावतो. नळीच्या दोन्ही टोकांबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि शेवटी ती उलटी फिरू नये म्हणून तारेने बांधायची. माझं इथलं नाव त्या तारेवरूनच.

तुमचा आजा हाताने गाठ चाचपायचा, ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे ताण मोजायचं यंत्र असतं, तरी जुने मेकॅनिक आधी बोटाने वायर दाबून बघतात.

मोटेवरचा:
मग बैलांच्या मानंवरचं जू? विमानात वैमानिक जे धरतो त्याला योक म्हणतात म्हणं.

रंकाळाकाठ:
हे मात्र खरंच आपलं. योक आणि जू एकाच मुळाचे. संस्कृत ‘युग’, त्यावरून मराठीत ‘जू’, तिकडे ‘योक’. इथे उच्चाराचा नुसता योगायोग नाही, नातं आहे. फलकावर योकच्या जागी ‘जू’ लिहिलं तर मी टाळ्या वाजवीन.

शुद्धलेखणी:
मीही. एवढ्यावर तरी एकमत.

उद्यमनगरी:
मला एक विचारायचंय. ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग आल्यावर आमचे जुने ड्रायव्हर म्हणायचे, ‘चाक हाताला लागतच नाही.’ खड्डा आला तरी हाताला कळत नाही. विमानात तेलानं पंख हलवल्यावर वैमानिकाला वारा कसा कळतो?

लॉकवायर:
कळतच नाही. म्हणून मुद्दाम कळवावा लागतो. पूर्ण तेलावरच्या विमानात फळीवरचा वाऱ्याचा भार वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापर्यंत पोचत नाही. वेगात असताना वैमानिकाने सहज जोरात वळवलं तर विमानाचं अंग मोडू शकतं. म्हणून स्प्रिंगा लावतात, आणि वेग वाढला की दांडा जड करणारं यंत्र बसवतात. तुम्ही म्हणालात ते ‘हाताला लागणं’. इंग्रजीत फील. ‘कृत्रिम स्पर्श’ असं भाषांतर मी वाचलंय, त्यात जीव नाही. ‘हाताला लागणं’ हाच शब्द.

आणि बोइंग ७३७ मध्ये एक सुंदर गोष्ट आहे. तिथे जूपासून वायर निघते ती तेलाच्या यंत्राच्या झडपेपर्यंत. रोज ती वायर फक्त निरोप नेते. पण दोन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, तर तीच वायर एलेरॉन आणि एलेव्हेटर स्वतः ओढते. हाताला फार जड लागतं, पण विमान उतरवता येतं. डीसी-१० या विमानात ही सोय नव्हती. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीजवळ अशा एका विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या. तेल वाहून गेलं. जू हातात होतं, पण ते फिरवून काहीच हलत नव्हतं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. निरोप देणारा हात आणि काम करणारं तेल यांतला फरक मुलांना सांगायचा असेल तर हे सांगा.

खडूफळा:
आज वर्गात सांगितलं. अगदी शांत बसून ऐकलं. मग एका मुलीने सुचवलं की उजव्या बाजूला मत्स्यटाकीचा छोटा पंप लावू, नळीला दोन चिमटे लावू, आणि चिमटा उघडला की दट्ट्या सरकेल. म्हणजे बोटाने फक्त चिमटा, काम पंपाचं. मी आवडीने होकार दिला.

शब्दाचं अजून ठरलेलं नाही. ‘जॅक’कडे मन जातं, पण मुलांच्या डोळ्यांसमोर गाडीचं पंक्चर काढतानाचा जॅक येतो.

उद्यमनगरी:
येऊ दे की. तोही भार उचलतोच.

लॉकवायर:
इंग्लंडमधले जुने विमानवाले हायड्रॉलिक यंत्राला जॅकच म्हणतात, त्यामुळे उद्यमनगर एकटं नाही. पण एक सावधगिरी. शेपटीचा आडवा पंख बऱ्याच विमानांत मळसूत्राने वरखाली होतो, त्यालाही जॅकच म्हणतात, स्क्रू जॅक. तिथे तेलाचा दट्ट्या नाही, आटे आहेत, आणि त्या आट्यांना ग्रीस लागतं. ३१ जानेवारी २००० ला एमडी-८३ विमान पडून ८८ माणसं गेली. ग्रीस कमी पडून नटाचे आटे झिजून सुटले होते. दोन्हींना एकच शब्द दिला तर झिजतं कुठे आणि गळतं कुठे हे मुलांना कळणार नाही.

शुद्धलेखणी:
मग ‘मळसूत्र’ आणि ‘दट्ट्या’. दोन्ही मराठी, दोन्ही वेगळे.

रंकाळाकाठ:
दट्ट्या म्हणजे पिस्टन. त्याच्याभोवतीची नळी आणि झडप त्यात येत नाही. बाईंना सगळ्या जोडणीचं नाव हवंय.

मोटेवरचा:
दाटून बसतो तो दट्ट्या, तर रेटा देतो तो रेट्या. आमच्याकडं गुऱ्हाळावर चरकात ऊस रेटणाऱ्याला थोरली माणसं रेट्या म्हणायची.

शुद्धलेखणी:
पुन्हा माणूसच झाला!

रंकाळाकाठ:
झाला, पण सांगितल्यावर करणारा माणूस. तेच तर हवं होतं. मी ‘रेट्या’च्या बाजूने.

उद्यमनगरी:
मला ऐकायला बरं वाटतंय, पण उद्या गिऱ्हाइकाला ‘रेट्या बसला’ म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल.

खडूफळा:
फलक रंगवायला दिलाय. ‘जू’ लिहिलंय, ‘हाताला लागणं’ लिहिलंय, ‘हलवतो’ आणि ‘हलवून घेतो’ लिहिलंय. ॲक्च्युएटरची जागा पेन्सिलीने आखून मोकळी ठेवलीय, रविवारपर्यंत. आणि डाव्या पंखाशेजारी मोटेचं चित्र काढायचंय, मुलांनी मोट कधी पाहिलेली नाही. मोटेवरचा दादा, सोंदूर खालच्या कण्यावरनंच जातो ना?

मोटेवरचा:
व्हय, खालच्याच. कणा थारोळ्याच्या काठाला, चाक त्याच्या वर. चित्रात बैलं धावेवर उतरताना काढा, चढताना दोर ढिले असत्यात.

पंचगंगापार:
आमच्या शिरोळकडे बारीक दोराला सोल म्हणायचे, सोंदूर नाही. चित्रात काय लिहिणार?