जी-७ : घरचं ताट आणि पाहुण्याचं ताट

कोपरीकर : काल इथे कुणीतरी लिहिलं, "जी-७ च्या परिषदेला भारत बहुतेक दरवर्षी जातोच, मग सभासदत्व हवंय कशाला?" वाचून डोकंच उठलं. जी-७ म्हणजे अमेरिका, जपान, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली, कॅनडा या सात श्रीमंत देशांचा गट; आपण त्यात नाही, फक्त पाहुणे. आपण २००३ मध्ये एव्हियाँला गेलो, २०२३ मध्ये हिरोशिमाला, २०२५ मध्ये कॅनडात. पण जाहीरनामा काढतात ते सातजणच. पाहुण्याला आग्रहाने वाढतात, पण स्वयंपाक काय करायचा हे घरचेच ठरवतात.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. मालकाने जपानी लेथ घेतलं होतं, हप्ते येनमध्ये. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या देशांचे अर्थमंत्री बसले आणि डॉलर उतरवायचं ठरलं. सुमारे २४० येनचा डॉलर १९८७ च्या सुरुवातीला १५० वर आला. येन महागला, इथे हप्ते फुगले. पुढच्या दिवाळीला बोनस नाही. वडिलांनी रिकामं पाकीट आईसमोर ठेवलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या खोलीत आपलं कुणी नव्हतं.

वाशी सेक्टर ९ : वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. प्लाझाला पाचच देश होते : अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन. इटली १९७५ च्या राम्बुयेच्या पहिल्या परिषदेपासून गटाच्या आत, कॅनडा १९७६ पासून. तरी त्या खोलीत दोघेही नव्हते! सभासदत्वाने त्यांना काय मिळालं?

कोपरीकर : पाच होते, मान्य. पण इटली-कॅनडाने आत असल्यामुळेच भांडून पुढे अर्थमंत्र्यांच्या बैठकीत जागा मिळवली. बाहेरच्याला भांडताही येत नाही.

ऐरोली : ज्या गटाला लिखित घटना नाही, कायमचं सचिवालय नाही, तिथे हक्क कसला सांगता? रशियाला १९९८ पासून रीतसर जी-८ म्हणून घेतलं, २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावरून बाहेर ठेवलं. रशियातल्या सोचीची परिषद रद्द, सातजण ब्रसेल्सला जमले. आमची सोसायटी अशीच चालते. रीसेलचा फ्लॅट घेतला तर कमिटीने "डोनेशन" मागितलं, शेअर सर्टिफिकेटला दोन वर्षं लावली.

माजिवडा : ट्रान्सफर प्रीमियमला, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला, २५,००० रुपयांची मर्यादा आहे. वर एक पैसा देऊ नका, लेखी मागा.

ऐरोली : लेखी मागितलं तर सेक्रेटरी म्हणाले, मग सभासदत्व पुढच्या मीटिंगला बघू.

घणसोली : मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे, एक रुपया मानधन नाही. टाकी फुटली की रात्री दोनला फोन मलाच. शिव्या घालणाऱ्यांनी एकदा हे पद घेऊन बघा.

माजिवडा : फुकट काम करता म्हणून बेकायदा पैसे मागायचे? ऐरोलीताई, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

घणसोली : सगळ्या कमिट्यांना चोर ठरवू नका! आमच्याकडे पावतीशिवाय व्यवहार होत नाही.

ऐरोली : तुमच्याबद्दल बोललेच नाही मी. तुम्हाला का लागलं?

वाशी सेक्टर ९ : धागा जी-७ चा आहे. कोपरीकर, सातांच्या दारात उभं राहण्यापेक्षा जी-२० हा मोठा गट बघा. तिथे आपण १९९९ पासून घरचे आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला आत घेतलं, तेव्हा यजमान आपण होतो.

कोपरीकर : दिल्लीचं मोल मला आहे, तो दिवस मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. जी-२० वर जोर द्यावा, हेही एक वेळ मान्य. पण "सभासदत्व कशाला हवं" हे वाक्य मला मान्य नाही. ज्यांच्या घरी ती दिवाळी तशी गेली, त्यांना ते पटणार नाही.

ऐरोली : माजिवडा, उपनिबंधकांकडच्या अर्जाला काय काय जोडायचं?