एंग्लागोर्डच्या तीन अल्बमांविषयी

एंग्लागोर्ड या स्वीडिश बँडचे संगीत म्हणजे सत्तरच्या दशकातील ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकची (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताची) निव्वळ नक्कल आहे, हे मत मला पटत नाही. १९९२ साली आलेल्या 'हिब्रिस' या पहिल्या अल्बममध्ये मेलोट्रॉन (टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारे पट्ट्यांचे वाद्य) आहे, हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) आहे, त्यामुळे वरवर ऐकणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ वाद्ये जुनी असल्याने रचना जुनी ठरत नाही. पहिलीच रचना 'योर्डरोक' घ्या. सुरुवातीला एकटा पियानो वाजतो, मग बास आणि ड्रम्स अंगावर येतात, आणि तो जोर ऐन भरात असताना सारे ओसरून ॲना होल्मग्रेन यांची बासरी पुढे येते. मेलोट्रॉनची पट्टी दाबली की आत टेपचा तुकडा सरकतो आणि सुमारे आठ सेकंदांत तो संपतो. सूर असा मुळातच अल्पायुषी असल्यामुळे त्या वाद्याला जी हुरहुर लाभते, ती या मंडळींनी फार समजून वापरली आहे.

१९९४ च्या 'एपिलोग'मध्ये शब्द नाहीत. तो अधिक अंतर्मुख आहे आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वोत्तम अल्बम, कारण 'हिब्रिस'मधले गायन वादनाच्या तोडीचे नव्हते. तब्बल अठरा वर्षांनी, २०१२ मध्ये आलेल्या 'विल्यान्स ओगा'त चारच दीर्घ रचना आहेत. नव्या श्रोत्याने मात्र 'हिब्रिस'पासूनच सुरुवात करावी.