घरगुती अँटिजेन चाचणीच्या ‘निगेटिव्ह’वर किती विसंबावे?

शिरीषपुष्प

मे २०२५मध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा आमच्या सोसायटीत एक प्रस्ताव आला. ज्येष्ठ नागरिकांच्या स्नेहमेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी सकाळी घरी रॅपिड अँटिजेन चाचणी करावी आणि ती निगेटिव्ह आली तरच यावे, असा तो प्रस्ताव. काहींनी त्याला कडाडून विरोध केला. ही चाचणी इतकी कच्ची आहे की तिच्या भरवशावर काहीही ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. मला तो विरोध पटत नाही, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडते.

चाचणीच्या मर्यादा कोणी लपवून ठेवलेल्या नाहीत. १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातील पहिल्या अँटिजेन किटच्या वापराविषयी सूचना काढल्या, तेव्हाच आयसीएमआर आणि एम्स यांनी केलेल्या मूल्यमापनात तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आढळल्याचे नमूद केले होते. याचा अर्थ, शंभर बाधितांपैकी साधारण पन्नास ते चौऱ्याऐंशी जण तिच्यात सापडतात, आणि बाधा नसलेल्या माणसाला ती चुकून बाधित ठरवण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. म्हणूनच पॉझिटिव्ह निष्कर्ष खरा मानावा आणि लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर ही प्रयोगशाळेतील चाचणी करावी, असा नियम ठरला. मे २०२१मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या २५० रुपयांच्या घरगुती किटला मान्यता मिळाली, तेव्हाही हाच नियम कायम राहिला.

आता या चाचणीकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, ते पाहू. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात, त्यामुळे त्याचा अंशही सहसा तिच्या नजरेतून सुटत नाही. परंतु त्याच कारणाने माणूस बरा होऊन कामाला लागल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटिजेन चाचणीत असे काही वाढवले जात नाही. नाकातील स्रावात विषाणूचे न्यूक्लिओकॅप्सिड हे प्रथिन मुबलक असेल, तरच पट्टीवर रेषा उमटते, आणि माणूस इतरांना बाधा देण्याची शक्यताही साधारणपणे त्याच दिवसांत सर्वाधिक असते. ‘मी आज इतरांसाठी धोकादायक आहे का?’ या प्रश्नाला पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी उत्तर देणारे दुसरे साधन सामान्य माणसाच्या हाती नाही. ते वापरूच नका असे सांगणे मला ज्येष्ठांच्या हिताचे वाटत नाही.

औदुंबर

मी प्रयोगशाळेत काम करतो. किटवर माझा राग नाही, मात्र प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे. चर्चेचा हा धागा सुरू करणाऱ्या शिरीषपुष्प यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते या मेळाव्याला लागू पडत नाहीत, कारण चाचणीची उपयुक्तता ती कोणावर आणि कधी केली यावर अवलंबून असते.

२०२२मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात लक्षणे असलेल्यांमध्ये सरासरी संवेदनशीलता ७३ टक्के, तर लक्षणे नसलेल्यांमध्ये ५४.७ टक्के निघाली. विशिष्टता अनुक्रमे ९९.१ आणि ९९.७ टक्के होती. मेळाव्याला नटूनथटून येणारे लोक दुसऱ्या गटातले. समजा, अशा धडधाकट दिसणाऱ्या दहा हजार माणसांत पन्नास बाधित आहेत. चाचणी त्यांपैकी सुमारे सत्तावीस जणांना शोधेल आणि तेवीस जणांना निगेटिव्हचा दाखला देऊन आत सोडेल. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी तीसेक जण नाहक पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह खरेच मानावे’ हा नियमसुद्धा इथे डळमळतो, कारण पॉझिटिव्ह आलेल्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना बाधाच नसेल.

साथ ऐन भरात असताना, तापाने फणफणलेल्या हजार माणसांत चारशे बाधित आहेत असे धरले, तर उलट चित्र दिसते. पॉझिटिव्ह आलेले जवळजवळ सगळे खरे असतात. पण निगेटिव्ह आलेल्या सुमारे सातशे जणांत १०८ बाधित लपलेले असतात, म्हणजे दर सहा-सातांत एक. किट तेच, पेटीवरचा आकडाही तोच, आणि तरी निष्कर्षाचा अर्थ दोन ठिकाणी इतका वेगळा. हे गणित सोसायटीच्या सूचनाफलकावर कोण समजावणार आहे?

निगेटिव्ह रेषा पाहिलेला माणूस मास्क काढतो, जवळ बसतो, एकाच ताटातले खातो. चाचणी केली नसती तर त्याने जी सावधगिरी बाळगली असती, ती तो चाचणीमुळे सोडतो. माझा आक्षेप यावर आहे.

पूर्णाकाठ

अचूकतेची चर्चा प्रयोगशाळेतील किंवा प्रशिक्षित हातांनी केलेल्या चाचण्यांच्या आकड्यांवर चालली आहे. घरात ही चाचणी कशी होते, तेही पाहायला हवे.

पट्टीवरची ‘सी’ (कंट्रोल) रेषा उमटली की चाचणी नीट झाली, असे बहुतेक जण समजतात. ती रेषा फक्त एवढेच सांगते की द्रव पट्टीवरून नीट पुढे सरकला आणि पट्टीतील रसायने काम करत आहेत. स्वॅबवर, म्हणजे नाकात फिरवायच्या काडीवर, स्राव आला होता की नाही, हे तिला कळत नाही. कोरडा स्वॅब द्रवात बुडवला तरी ‘सी’ रेषा येईल आणि चाचणी सुबकपणे ‘निगेटिव्ह’ दिसेल. आरटी-पीसीआरच्या बऱ्याच किटमध्ये मानवी जनुकाचीही तपासणी असते, त्यामुळे नमुना आलाच नसेल तर ते उघड होते. घरगुती पट्टीत ही सोय नाही. माझ्या आईचे हात थरथरतात, नाकात काडी घालायची तिला भीती वाटते आणि ती काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून बाहेर काढते. तिच्या निगेटिव्हला मी काहीही किंमत देत नाही. चाचणी करायची तर मी स्वतः तिचा स्वॅब घेते.

दुसरी गोष्ट तापमानाची. हे किट साधारणपणे २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असतात. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. कुरिअरच्या गाडीत, बंद गोदामात किंवा पंखाही नसलेल्या दुकानाच्या फळीवर महिना काढलेल्या किटकडून पेटीवर छापलेल्या अचूकतेची अपेक्षा कशी करायची? मुदतीची तारीख पाहायला आपण शिकलो, पण किट कुठे ठेवले होते ते दुकानदाराला कोणीच विचारत नाही.

वाचनाची वेळ हाही मोठा घोळ आहे. निष्कर्ष पंधरा मिनिटांनी पाहायचा आणि सूचनेत दिलेली वेळ उलटल्यावर पट्टी ग्राह्य धरायची नाही. लोक तासाभराने परत येऊन पाहतात आणि सुकताना उमटलेल्या पुसट छटेने घाबरतात. याच्या उलट, ठरलेल्या वेळेत दिसलेली पुसट ‘टी’ (बाधा दाखवणारी) रेषा ही पॉझिटिव्हच असते, पण ‘अगदी फिकट आहे, म्हणजे काही नाही’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. चष्म्याशिवाय पट्टी वाचणाऱ्या आजोबांना ती दिसतही नाही.

वारणाकाठ

औदुंबर यांचे गणित मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दुसऱ्या लाटेत मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. आरटी-पीसीआरचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी जात आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाने घरातल्या सगळ्यांना बाधा दिलेली असे. काहींचा अहवाल त्यांना ऑक्सिजन लागल्यावर हातात पडला. त्या काळात ज्याची पट्टी दारातच पॉझिटिव्ह आली, त्याला आम्ही तिथूनच विलगीकरणात पाठवू शकलो. चाचणी कागदावर कितीही अचूक असली, तरी तिचा निकाल उपयोगाची वेळ टळल्यावर मिळत असेल, तर रुग्णाच्या घरच्यांना त्या अचूकतेचा फायदा काय?

खर्चाचाही विचार करा. एप्रिल २०२१च्या सुमारास राज्य सरकारने ठरवून दिलेला खासगी प्रयोगशाळेचा दर आरटी-पीसीआरला ५०० रुपये आणि अँटिजेनला १५० रुपये होता. पाच जणांच्या शेतमजूर कुटुंबासाठी हा फरक लहान नव्हता.

तेवीस बाधित सुटतात, यावर तुम्ही बोट ठेवता. चाचणीच केली नाही तर पन्नासच्या पन्नास सुटतात.

औदुंबर

वारणाकाठ, आपण सांगता ती परिस्थिती वेगळी होती आणि तिथे अँटिजेन चाचणीने जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे लक्षणे असलेला माणूस समोर होता, प्रशिक्षित हात स्वॅब घेत होते आणि पॉझिटिव्हवर लगेच कृती होत होती. मेळाव्यात मात्र आपण निगेटिव्हवर कृती करणार आहोत. चाचणीची जी बाजू मुळात कमकुवत आहे, नेमक्या तिच्यावरच प्रस्ताव उभा आहे.

‘पन्नासच्या पन्नास सुटतात’ हा युक्तिवाद लोकांचे वागणे बदलत नसेल तरच टिकतो. नोव्हेंबर २०२०पासून इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात लक्षणे नसलेल्या नागरिकांची अशीच सामूहिक चाचणी झाली. लोक प्रशिक्षितांच्या देखरेखीखाली स्वतः स्वॅब घेत होते, तरीही आरटी-पीसीआरच्या तुलनेत सुमारे ४० टक्केच बाधित सापडले. उरलेल्यांनी निगेटिव्हच्या भरवशावर सावधगिरी सोडली, तर चाचणीचा फायदा उरत नाही.

शिरीषपुष्प

लिव्हरपूलचे उदाहरण पुरते सांगायला हवे. विषाणूचे प्रमाण जितके जास्त, तितकी चाचणी अधिक बाधितांना पकडत होती. निसटलेल्यांत कमी विषाणू असलेल्यांचा भरणा होता. माझ्या मूळ मुद्द्याला यातून दुजोराच मिळतो.

एकच चाचणी पुरेशी नाही, हे मात्र मी मान्य करते आणि प्रस्तावात दुरुस्ती सुचवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितले की लक्षणे असताना पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी दुसरी करावी, आणि लक्षणे नसताना संपर्कात आलेल्याने ४८-४८ तासांच्या अंतराने एकूण तीन कराव्यात. बाधेच्या सुरुवातीला विषाणू झपाट्याने वाढतो, त्यामुळे सोमवारी हुकलेली बाधा बुधवारी सापडू शकते.

औदुंबर

तीन चाचण्या म्हणजे २०२१च्या कोविसेल्फच्या दरानेही माणशी साडेसातशे रुपये. शिवाय तीन निगेटिव्हचा गुणाकार करून धोका नगण्य झाला असे समजू नये, कारण या तीन चुका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. जो पहिल्यांदा स्वॅब चुकीचा घेतो, तो तिसऱ्यांदाही तसाच घेतो. मुदत संपलेल्या किंवा उन्हात तापलेल्या एकाच खोक्यातील तीन किट एकाच पद्धतीने फसतात.

काटेसावर

एक मुद्दा राहून गेला. घरी पॉझिटिव्ह आलेल्याने ते कोणाला कळवायचे? कोविसेल्फच्या रचनेत पट्टीचे छायाचित्र ॲपवर चढवून निष्कर्ष आयसीएमआरपर्यंत पोहोचणे अपेक्षित होते. स्मार्टफोन नसलेल्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाच होता, आणि फोन असलेल्या अनेकांनीही ते केले नाही. जानेवारी २०२२च्या ओमायक्रॉन लाटेत मुंबई महापालिकेला शेवटी किटविक्रीची नोंद ठेवायला औषध विक्रेत्यांना सांगावे लागले. आज सोसायटीत कोणी पॉझिटिव्ह आले, तर मेळावा चुकेल किंवा लोक टाळतील या भीतीने ते न सांगण्याकडेच कल राहील. उपस्थितीला निगेटिव्हची अट घातली, तर ही लपवाछपवी आणखी वाढेल.

शिरीषपुष्प

काटेसावर आणि पूर्णाकाठ यांचे मुद्दे मला प्रस्तावाच्या शब्दरचनेत आणता येतील. ‘निगेटिव्ह असल्यासच यावे’ हे वाक्य काढून टाकावे आणि त्याऐवजी असे लिहावे: ताप, खोकला, घसादुखी किंवा सर्दी असणाऱ्यांनी चाचणी निगेटिव्ह आली तरी येऊ नये, ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनी ४८ तासांच्या अंतराने चाचण्या कराव्यात आणि त्या पूर्ण होईपर्यंत थांबावे, ज्येष्ठांचा स्वॅब घरातील दुसऱ्या कोणी घ्यावा. पट्टी कोणालाही दाखवण्याची सक्ती नसावी.

औदुंबर

या मसुद्याला माझा विरोध निम्मा कमी झाला. लक्षणे आणि संपर्क दोन्ही नसलेल्यांना त्यात चाचणी सुचवलेली नाही, हे योग्यच आहे. मात्र त्यांच्यातल्या एखाद्याला बाधा असू शकते, म्हणून मेळावा बंद सभागृहाऐवजी गच्चीवर घ्यावा आणि ज्यांना फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना एन-९५ मास्क आधीच द्यावेत, एवढी माझी मागणी राहील. ती मान्य झाली तरच मी समितीत बाजूने हात वर करीन.